तिचा खाडा, आपली रजा : घरी सफाईला माणूस ठेवणाऱ्या नोकरदार आई-वडिलांना खुले पत्र

लहान मुलं सांभाळून नोकरी करणाऱ्या आणि घरच्या सफाईला कोणाला तरी ठेवायच्या विचारात असलेल्या सगळ्या आई-वडिलांना,

स.न.वि.वि.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यावर मी निळ्या पेनने फुल्या मारत असे. एक फुली म्हणजे ताईंचा एक खाडा. ताई आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास सफाईला यायच्या. महिना संपला की फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे पगारातून वजा करायचे आणि पाकीट हातात द्यायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काम नाही तर पैसे नाहीत, इतका सरळ हिशोब.

मग एका महिन्यात धाकट्या मुलीला ताप आला. मी साहेबांना मेसेज टाकला, "मुलीला बरं नाही, दोन दिवस येत नाही." लगेच उत्तर आलं, "काळजी घ्या." पगार पूर्ण जमा झाला. महिनाअखेरीला ताईंचा हिशोब करायला बसलो तर कॅलेंडरवर दोन फुल्या. त्यांच्या मुलालाही त्याच महिन्यात ताप आला होता. त्यांनी तसं सांगितलंही होतं, आणि मी "बरं, बरं" म्हणत पेन उचललं होतं. हे सगळं लक्षात येऊनही मी पैसे कापूनच पाकीट दिलं. त्यांनी नोटा मोजल्या, परत पाकिटात घातल्या आणि बादली भरायला गेल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कदाचित मी वादही घातला असता.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आपण सगळे नोकरदार माणसं. चांगला मालक कसा असतो हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ठरल्या तारखेला पगार, ठरलेली वेळ, आजारपणात रजा, काम वाढलं तर त्याचा मोबदला, काढायचं असेल तर आधी सूचना. यातलं एक जरी ऑफिसने मोडलं तरी आपण जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही बोलत नाही. घरी मात्र मालक आपण असतो, आणि तिथे यातलं काहीच लागू नाही असं धरून चालतो, कारण ते घर आहे. पण फरशी पुसायला जी बाई येते तिच्यासाठी ती कामाची जागा आहे. माणूस शोधायला लागायच्या आधी तुम्ही यावर विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आधी मनातल्या टोचणीबद्दल. "आपलं घर आपल्याला साफ ठेवता येत नाही का? हातपाय धड आहेत की!" हे अनेक जण स्वतःलाच ऐकवत असतात आणि रात्री अकरा वाजता, मुलं झोपल्यावर, बाथरूम घासत बसतात. 2017 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनेक देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांशी बोलून असं दिसलं, की नकोशी कामं पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणारे आणि त्यातून वेळ वाचवणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, आणि हे फक्त श्रीमंतांपुरतं नाही. त्याच अभ्यासात नेदरलँड्समधल्या आठशेवर गडगंज श्रीमंतांनाही विचारलं होतं. त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्यांनी अशा कामांवर काहीच खर्च करत नसल्याचं सांगितलं. म्हणजे अडचण दर वेळी पैशाचीच असते असं नाही, मन धजत नाही हेही असतं. परवडत असेल तर जरूर माणूस ठेवा. मुलांसोबत बसायला मिळालेला तास हा चोरलेला तास नाही.

आमच्याकडे मन धजलं खरं, पण एका चुकीच्या वाक्यावर. "हिच्या मदतीला कोणीतरी ठेवू." हे वाक्य माझं. घरात राहतो चौघं, पसारा करतो चौघं, आणि सफाईला येणारी बाई मात्र 'हिच्या' मदतीला! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये जगभरातल्या बिनपगारी घरकामाचा आणि संगोपनाचा हिशोब मांडला, तेव्हा बायका दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं आणि पुरुष 1 तास 23 मिनिटं या कामात घालवतात असं निघालं. माझं वाक्य त्या आकड्यातूनच आलेलं होतं. त्याचा परिणाम असा झाला, की फरशी पुसणं बायकोच्या हातातून सुटलं, पण ताई आज येणार का, साबण संपला का, किल्ली कोणाकडे ठेवली, पाहुणे आहेत तर त्यांना सांगितलं का, हे सगळं तिच्याच डोक्यात राहिलं. ती मीटिंगमध्ये असली तरी फोन तिलाच यायचा. हातांचं काम कमी झालं आणि डोक्याचं वाढलं. आता ताईंच्या फोनमध्ये पहिला नंबर माझा आहे, आणि पगार, रजा, सामान हे सगळं माझ्याकडे. तुमच्या घरी कोणीही घ्या ते, पण माणूस यायच्या आधी ठरवून घ्या.

मग काम मोजा. हे कोणी करत नाही, आणि कुरबुरी सगळ्या इथूनच सुरू होतात.

आम्हीही केलं नव्हतं. पगार कापल्याच्या त्या प्रसंगानंतर एका रविवारी आम्ही दोघांनी ठरवलं, की ताईंकडून जे जे म्हणून करून घेतो ते एकदा स्वतः करून बघायचं. फोनवर घड्याळ लावलं. दोन्ही बाथरूम, म्हणजे कमोड, बेसिन, भिंतीच्या टाइल्स आणि जाळीत अडकलेले केस, यालाच 1 तास 10 मिनिटं गेली. स्वयंपाकघरात ओटा, शेगडी, सिंक आणि कपाटांच्या दारांवरचे तेलकट हात मिळून 55 मिनिटं. सगळ्या खोल्यांचा केर काढून फरशी पुसायला 1 तास 5 मिनिटं, आणि धूळ झटकण्यात 40. एकूण 3 तास 50 मिनिटं. सराईत हात आपल्यापेक्षा भरभर चालतो हे खरं, पण इतका नाही. हे सगळं आम्ही दोन तासांत मागत होतो आणि वर "ताई, कोपरे राहतात हो" म्हणत होतो. कोपरे राहत नव्हते. वेळच तेवढा होता आणि त्या त्यातून वाट काढत होत्या.

त्यानंतर आम्ही कामाचे तीन भाग केले. दर खेपेला करायचं ते, आठवड्यातून एकदा करायचं ते, आणि जळमटं, पंखे, खिडक्यांच्या काचा, फ्रिजमागची जागा असं महिन्यातून एखाद्या वेळी करायचं ते. त्या एखाद्या वेळच्या कामाला तास वेगळे आणि पैसे वेगळे. "आज आहातच तर जरा पंखेही पुसून घ्या" हे वाक्य आमच्या घरातून गेलं. ऑफिस सुटायच्या वेळी साहेबाने टेबलावर फाइल आणून टाकली की आपल्या कपाळावर आठ्या चढतात ना, तेच ते वाक्य आहे.

मराठीत आवरणं आणि साफ करणं हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि लहान मुलांच्या घरात तो फरक फार कामाचा आहे. आवराआवर आपली. फरशीवरचे ठोकळे, सोफ्यावरचे मोजे, टेबलावरच्या वह्या कुठे जायच्या हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. तिने ते कुठे तरी ठेवायचं, मग ते सापडायचं नाही, आणि संशय तिच्यावर जायचा. या क्रमाने किती घरांतली माणसं सुटली असतील! आम्ही आता आदल्या रात्री दहा मिनिटं मुलांना घेऊन फरशी मोकळी करतो. थोरला मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला हे छान जमतं. फरशी मोकळी असली की ताईंची वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, आणि ती बाथरूमला मिळतात.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते.

टॉयलेट साफ करायच्या ॲसिडचा मोठा कॅन ठेवायला जागा नव्हती म्हणून मी त्यातलं थोडं पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. बाटलीवर काही लिहिलेलं नाही. ताईंनी कमोडमध्ये आधी ब्लीच टाकलं, डाग निघेना म्हणून त्यावर या बाटलीतलं ओतलं. मी पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होतो. आधी खोकला ऐकू आला, तो थांबेना, म्हणून बाहेर आलो. त्या बाथरूमबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका हातात रबरी हातमोजा होता, दुसरा हात उघडा. जोडीतला दुसरा मोजा पंधरा दिवसांपूर्वी फाटला होता आणि नवीन जोड आणायचा माझ्याकडून राहून गेला होता.

बाथरूमचं दार ओढून घेतलं, घराच्या खिडक्या उघडल्या, त्यांना मोकळ्या हवेत नेलं आणि मग डॉक्टरांकडे. थोडक्यात निभावलं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू, आणि दार बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये त्याला पसरायला फार वेळ लागत नाही. व्हिनेगरही आम्लच आहे, तेही ब्लीचसोबत नको. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, तेही छातीला तितकेच वाईट. म्हणून कुठलीही दोन द्रावणं एकत्र करायची नाहीत, आणि कुठलंही द्रावण त्याच्या मूळ बाटलीतून बाहेर काढून ठेवायचं नाही. त्या दिवशी ती बाटली मुलीच्या हाती लागली असती तर, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

हे झालं एका दिवसाचं. रोजचं त्याहून सावकाश होत जातं. 2018 मध्ये नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. सफाई हाच व्यवसाय असलेल्या आणि घरची सफाई करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद सफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा जास्त वेगाने घटलेली दिसली. बहुतेक कामांना मायक्रोफायबरचं फडकं आणि पाणी पुरतं, ही रसायनं लागतच नाहीत, असं त्याच संशोधकांचं म्हणणं. आम्ही त्यानंतर निम्म्याहून जास्त बाटल्या टाकून दिल्या. फवारे तर सगळेच बंद केले, कारण फवारलेलं थेट श्वासात जातं. घरात बाळ असलं की आपल्याला सगळं निर्जंतुक हवं असतं, मला कळतं ते. पण जंतुनाशकसुद्धा आधी घाण पुसून काढल्यावरच नीट काम करतं, आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहावा लागतो. मारलं आणि लगेच पुसलं तर नुसता वास राहतो. फडक्यांचे रंग मात्र वेगळे ठेवा, व्यावसायिक सफाईत तसंच करतात. आमच्याकडे लाल फडकं फक्त कमोडला, आणि ते दुसऱ्या कशाला लागत नाही.

मुलांबद्दल एक गोष्ट. सफाईला आलेली बाई मुलं सांभाळायला आलेली नसते. "एक पाच मिनिटांचा कॉल आहे, हिच्याकडे जरा बघाल?" असं मीही म्हटलेलं आहे. पाच मिनिटांची वीस होतात. तिचं काम अडतं, पण वेळ संपल्यावर तिला निघावंच लागतं, कारण पुढच्या घरी कोणीतरी वाट बघत असतं. आणि हे नुसतं गैरसोयीचं नाही. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीतल्या काही इंच पाण्यातही बुडू शकतं, कारण डोकं जड असतं आणि आत पडलेल्याला स्वतःला वर काढता येत नाही. पाण्याची बादली, ओली फरशी, ब्लीच आणि रांगणारं मूल एकाच खोलीत, आणि लक्ष ठेवणारीच्या हातात फडकं, ही जोखीम आपण तिच्या डोक्यावर टाकतो. सफाईच्या वेळी मूल कोणाकडे, हे आपण ठरवायचं. ती गेल्यावर बादली रिकामी आणि पालथी आहे ना, हेही आपणच बघायचं.

आता पुन्हा त्या फुल्यांकडे येतो.

16 जून 2011 रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनिव्हात घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार स्वीकारला. उरुग्वे आणि फिलिपिन्स या पहिल्या दोन देशांनी मान्यता दिल्यावर 5 सप्टेंबर 2013 पासून तो अमलात आला. 16 जून आता घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. कराराचा मसुदा वाचायला अवघड नाही. कामाच्या अटी तिला समजतील अशा सांगा, शक्यतो लेखी. पगार ठरावीक काळाने, निदान महिन्यातून एकदा. आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती. काम करायला सुरक्षित जागा. वाचताना मला वाटलं, यात असं काय आहे जे मी माझ्या कंपनीकडे मागत नाही? याच संघटनेच्या 2021 च्या अहवालात जगातल्या घरकामगारांची संख्या 7 कोटी 56 लाख धरली आहे. त्यांतल्या तीन चतुर्थांश बायका, आणि दहापैकी आठ जणांची नोकरी कुठल्याही नोंदीत, संरक्षणात बसत नाही. तुमच्या देशाने हा करार मान्य केलेला असो वा नसो, किमान वेतनाचा आणि विम्याचा तिथला नियम काय आहे ते बघून घ्या. नियम नसला तरी आपल्या घरापुरता करायला कोणी अडवलेलं नाही.

आमचा कागद अर्ध्या पानाचा आहे. ताईंसोबत बसूनच लिहिला, आणि त्या दिवशी त्यांच्या त्या बसायच्या वेळेचेही पैसे दिले. पगार एक तारखेला. महिन्याला एक भरपगारी रजा, आणि त्यांच्या किंवा घरच्या आजारपणासाठी वर्षाला दहा दिवस वेगळे. आम्ही गावाला गेलो किंवा आयत्या वेळी "आज नको" म्हटलं तरी त्या दिवसाचा पगार चालू, कारण तो दिवस त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. काही फुटलं तर नुकसान आमचं. दरवर्षी पगारवाढ, तीही न मागता. काम थांबवायचं तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं. सगळं वाचून दाखवल्यावर मी विचारलं, अजून काही घालायचं का? त्यांनी एकच गोष्ट सांगितली. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी कळवा. पाहुण्यांमुळे काम वाढतं, मग पुढच्या घरी पोचायला उशीर होतो आणि तिथे बोलणी खावी लागतात. तीन वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या आणि हे मला त्या दिवशी कळलं.

कापलेले दोन दिवसांचे पैसेही मी त्याच वेळी परत केले. माफी मागताना मला शब्द सापडेनात. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे दादा, सगळीकडे तसंच असतं." मला त्या 'सगळीकडे'चं फार वाईट वाटलं.

कोणी म्हणेल, इतकं सगळं केलं तर परवडत नाही. शक्य आहे, सगळ्यांचं घरचं गणित सारखं नसतं. मग तीन दिवसांऐवजी एक दिवस बोलवा, फक्त बाथरूम आणि स्वयंपाकघर द्या, बाकीचं घर आपण वाटून घ्या. कमी तास घ्या, पण घेतलेल्या तासांचे पैसे पूर्ण द्या. संस्थेमार्फत माणूस घेणार असाल तर तुम्ही भरलेल्यातले तिच्या हातात किती पडतात, हे संस्थेला सरळ विचारा, आणि उत्तर टाळलं तर दुसरी संस्था बघा. घरात कॅमेरा असेल तर तो आहे आणि कुठे आहे हे पहिल्या दिवशीच सांगा. कामात काही खटकलं तर त्याच दिवशी, ती जागा दाखवून, मुलांसमोर न बोलता सांगा. महिनाभर साठवून पगाराच्या दिवशी काढू नका.

आणि पहिल्या दिवशी दोघांपैकी एकाने तरी रजा टाकून घरी थांबा. तिच्यासोबत घरभर फिरा. कुठला नळ गळतो, कुठली खिडकी अडकते, कुठलं लाकूड ओल्या फडक्याने खराब होतं, वीज कुठून बंद करायची, पाणी प्यायचा ग्लास कुठे आहे आणि थकल्यावर कुठे बसायचं, हे दाखवा. तिला विचारा, मॉप बरा पडतो की हाताने पुसणं, गुडघे दुखतात का, कुठल्या वासाने त्रास होतो का. बाटल्यांवरची लेबलं दोघांनी मिळून वाचा. हातमोज्यांचे दोन जोड मात्र आधीच आणून ठेवा, तिच्या मापाचे.

आपला,
दोन मुलांचा एक नोकरदार बाबा